गुरुवारी बंद, शुक्रवारी उशिरा

पुण्यात काही वर्षं काढलेल्या कुणालाही हे निवेदन तोंडपाठ असतं. येत्या गुरुवारी देखभाल-दुरुस्तीच्या तातडीच्या कामांसाठी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. मंगळवार-बुधवारच्या पेपरात ते छापून येतं, सोसायटीच्या ग्रुपवर पाच जण पाच वेळा टाकतात आणि बुधवारी रात्री पिंपं, बादल्या, कळशा, एवढंच काय प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवला जातो.

त्यातला ‘गुरुवारी’वाला अर्धा भाग सगळे वाचतात, ‘शुक्रवारी’वाला कुणी मनावर घेत नाही. मी आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीची गेली सहा वर्षं सेक्रेटरी आहे. गुरुवारने आमचं फारसं काही बिघडवल्याचं मला आठवत नाही. मोटार जळाली ती शुक्रवारी. सोलरच्या नळ्या तडकल्या त्या शुक्रवारी. पाणी जातं तेव्हा गैरसोय होते, पण पंप, पाइप आणि पोट यांचं नुकसान व्हायची वेळ ते परत येतं तेव्हाची असते. म्हणून या लेखात गुरुवारपेक्षा शुक्रवारच जास्त आहे.

आधी, पाणी बंद का करतात ते. दर पावसाळ्यात हा प्रश्न रागाने विचारला जातो: धरणं भरलीत, मग नळ कोरडा कसा? खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून साधारण 29 टीएमसी पाणी मावतं हे खरं. पण धरणातलं पाणी म्हणजे नळातलं पाणी नव्हे. ते जलवाहिनीतून आणि कालव्यातून पर्वती, लष्कर, वडगाव अशा जलकेंद्रांवर यावं लागतं. तिथे तुरटीच्या जातीचं औषध घालून गाळाचे कण एकत्र गोळा करून खाली बसवतात, मग पाणी वाळूच्या थरांतून गाळतात, क्लोरिन घालतात, पंपाने उंचावरच्या टाक्यांत चढवतात आणि तिथून उताराने पेठा-उपनगरांत सोडतात. या साखळीतली एखादी कडी बदलायची, म्हणजे एखादा झिजलेला व्हॉल्व्ह काढायचा किंवा फ्लो मीटर बसवायचा, तर त्या टप्प्यातला पाइप रिकामा केल्याशिवाय हात घालता येत नाही. एक मीटर व्यासाच्या पाइपात एका किलोमीटरला जवळपास 7 लाख 85 हजार लिटर पाणी असतं. ते आधी सोडून द्यायचं, मग काम करायचं, मग पुन्हा तेवढंच भरायचं. व्हॉल्व्ह बसवायला लागतात चार तास, पण दिवस जातो तो या भरण्या-उपसण्यात. गुरुवारच का, तर पुणे परिसरातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि वीज कंपनीही आपली कामं बहुधा त्याच दिवशी काढते. पंप विजेवर चालतात, तेव्हा दोन्ही कामं एकाच दिवशी उरकलेली बरी.

आता ‘उशिरा आणि कमी दाबाने’ या शब्दांकडे येऊ. आपल्याला ते टोलवाटोलवीचे वाटतात, पण त्यामागे चांगलं कारण आहे. रिकाम्या पाइपात पाणी नसतं, पण हवा असते. पाणी एकदम सोडलं तर पुढची हवा दाबली जाते, पाणी तिच्यावर आदळतं आणि तो धक्का जोडांवर बसतो. जुना जोड असेल तर तो तिथेच सुटतो आणि शनिवारी पुन्हा खोदकाम. म्हणून व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत, हवेला बाहेर पडायला वेळ देत पाइप भरावा लागतो. त्यासाठी उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह बसवलेले असतात. पुण्याला ही युक्ती नवी नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांत पाणी आणलं गेलं. त्या भुयारी नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते, आणि त्यांतले काही आजही पाहायला मिळतात. कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या बांधकामाला ‘उच्छ्वास’ म्हणणाऱ्याच्या मराठीला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

पाणी उशिरा येण्याचं दुसरं कारण आपणच. गुरुवारी रात्रीपर्यंत शहरातल्या बहुतेक इमारतींच्या खालच्या टाक्या तळाला गेलेल्या असतात आणि त्यांचे बॉल कॉक सताड उघडे लोंबत असतात. पाणी सुटलं की पालिकेच्या टाकीजवळचे आणि सखल भागातले आधी घटाघटा पितात. शेवटच्या टोकाला किंवा चढावर राहणाऱ्यांच्या वाट्याला उरलेला दाब येतो. अशा वेळी काही जण थेट पालिकेच्या लाइनला मोटार लावतात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय मूर्खपणाचंही आहे. दाब नसलेल्या पाइपातून मोटार ओढायला लागली की पाइपाच्या आत पोकळी तयार होते आणि जिथे बारीक फट असेल तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. आपल्याकडे पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन किती शेजारी-शेजारी असते, ते एखाद्या खोदलेल्या गल्लीत वाकून बघा.

मोटार न लावताही हे थोडंफार घडतंच. पाइप भरलेला आणि दाबाखाली असतो तेव्हा फटीतून पाणी बाहेर गळतं. गळणं वाईट, पण त्यामुळे निदान बाहेरची घाण आत येत नाही. पाइप रिकामा झाला की दिशा उलटते आणि आजूबाजूच्या मातीतलं ओल धरलेलं पाणी आत झिरपतं. भरीला, पाइपाच्या आतून वर्षानुवर्षं बसलेला गंज आणि चिकट थर कोरडा पडून सुटतो आणि पहिल्या लोंढ्याबरोबर निघतो. शुक्रवारचं पहिलं पाणी चहाच्या रंगाचं दिसतं ते यामुळे.

हे एकदा डोक्यात बसलं की बुधवारपासूनची सगळी तयारी आपोआप सुचते.

बुधवारी घाबरून भरणं कमी करा. हिशेब सोपा आहे. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. आमच्याकडे चोवीस घरं, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला तेरा हजार लिटर. खालची टाकी वीस हजारांची, वरची पंधरा. दोन्ही बुधवारी रात्री काठोकाठ भरल्या तर शुक्रवार संध्याकाळपर्यंतचे दोन दिवस निघतात. तुमच्या टाक्यांचा आकडा काढा: लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजून गुणा आणि हजाराने गुणा, लिटर मिळतील. मात्र खालच्या टाकीतलं तळाचं फूटभर पाणी हिशेबात धरू नका. आमच्या टाकीत ते साडेतीन हजार लिटर आहे, आणि ते गाळाचं आहे. गुरुवारी ‘अजून थोडं आहे’ म्हणत तळापर्यंत उपसलं की तो गाळ उचलून आपणच वरच्या टाकीत नेऊन ठेवतो. तिथून तो घराघरांत जातो आणि मग लोक पालिकेला बोल लावतात.

घरात काय भरून ठेवावं? चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाचं तीस-चाळीस लिटर झाकलेल्या भांड्यात आणि संडासासाठी एक पिंप. बस. हे पिण्याचं पाणी नळाचं भरा, प्युरिफायरचं नको. ऐकायला उलटं वाटतं, पण नळाच्या पाण्यात थोडा क्लोरिन शिल्लक असतो आणि तोच त्या पाण्याची राखण करतो. आरओच्या आतला कार्बनचा फिल्टर क्लोरिन काढून टाकतो. असं बिनराखणीचं पाणी दोन दिवस जगमध्ये ठेवलं आणि त्यात कुणी हात बुडवला तर ते नळाच्या पाण्याआधी बिघडतं.

आणि हे पाणी शुक्रवारी ओतून देऊ नका. ‘शिळं पाणी’ ही आपल्या घरांतली एक मोठी समजूत. नळाला नवं पाणी आलं की आदल्या दिवशीचं मोरीत. माझ्या सासूबाई तर कळशी उपडी केल्याशिवाय नव्या पाण्याला हात लावत नसत. एरवी कदाचित चालेल, पण या एका शुक्रवारी शिळं पाणी ताज्यापेक्षा चांगलं असतं. बुधवारचं पाणी भरलेल्या, दाबाखालच्या पाइपातून आलेलं, आणि शुक्रवारचं रिकाम्या पाइपाची धूळ झाडत आलेलं. शुक्रवारी पिण्यासाठी बुधवारचंच वापरा. शनिवारी सकाळपर्यंत मात्र ती भांडी आणि पिंपं वापरून रिकामी करा, घासून पालथी घाला. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि त्यातून नवा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एक-दोन दिवस झाकून ठेवलेल्या पाण्याची भीती नाही, पण पुढच्या बंदपर्यंत बाल्कनीत विसरलेल्या पिंपाची आहे.

गुरुवारी दिवसभरात करायचं फार थोडं. वरच्या टाकीचं पाणी संपत आलं की गिझरचं बटण बंद करा. गिझरमध्ये पाणी नसताना कॉइल तापली तर ती जळते. आरओकडे जाणारा छोटा कॉक आणि वॉशिंग मशीनचा नळ बंद करा. हे दोन कॉक बंद ठेवल्याने आमच्याकडे फिल्टर बदलण्याचा खर्च निम्म्यावर आला आहे, कारण शुक्रवारचा गाळ सगळ्यात आधी तिथेच अडकतो.

सोलरवाल्यांसाठी थोडं सविस्तर. काचेच्या नळ्यांचं सोलर असेल आणि गच्चीवरची टाकी पार रिकामी झाली, तर सोलरच्या टाकीतलंही पाणी ओसरून नळ्या कोरड्या पडू शकतात. कोरडी काळी नळी उन्हात भट्टीसारखी तापते. अशा वेळी शुक्रवारी दुपारी बारा वाजता गार पाणी आत शिरलं की काच तडकते. एका एप्रिलमध्ये आमच्या नऊ नळ्या अशाच गेल्या, आवाज फटाक्यांसारखा येत होता. उपाय साधा: टाकी आटायला लागली की सोलरकडे जाणारा कॉक बंद करायचा आणि पाणी आल्यावर लगेच न उघडता शनिवारी पहाटे, नळ्या गार असताना उघडायचा. एक दिवस अंघोळीचं पाणी गॅसवर तापवू, बिघडत नाही.

आता शुक्रवार. आमचे वॉचमन खाली मीटरजवळचा नळ उघडून हाक मारतात: “काकू, पाणी आलं, पण लाल आहे.” हा नळ, म्हणजे पालिकेची लाइन खालच्या टाकीत पडण्याआधीचा नळ, तुमच्याकडे नसेल तर प्लंबरला सांगून आधी बसवून घ्या. टाकीचा कॉक बंद ठेवून पहिलं पाणी या नळातून सोडायचं. वाया घालवायचं नाही, बादल्या भरून झाडांना, पार्किंग धुवायला, संडासाच्या पिंपात. पांढऱ्या मगात धरून बघायचं. तळ स्वच्छ दिसला की मग टाकीचा कॉक उघडायचा. कधी दहा मिनिटं लागतात, कधी तासभर. याला धीर लागतो आणि शुक्रवारी सकाळी तो कुणाकडेच नसतो, हे मला मान्य आहे.

यानंतर सगळ्यांची एकच घाई: मोटार लावा. लावू नका. खालची टाकी निम्मी तरी भरू द्या. पंपाचा पाइप तळाजवळून पाणी ओढतो आणि आत पडणाऱ्या पाण्याने तळ ढवळला गेलेला असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पंपाला हवा पकडलेली असू शकते. टाकीतल्या पाइपाच्या खालच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो. पंप बंद असताना पाइपातलं पाणी खाली उतरू नये एवढंच त्याचं काम. टाकी तळाला गेली आणि पंप हवा ओढायला लागला, किंवा या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, की पाइप रिकामा होतो. मग बटण दाबलं तर मोटार फिरते, पाणी मात्र उचलत नाही. पाण्यावाचून फिरणाऱ्या पंपाचं सील तापून वितळतं. आमची मोटार अशी चाळीस मिनिटं फिरली होती. आवाज चालू होता म्हणून सगळ्यांना वाटलं पाणी चढतंय. चालत्या मोटारीच्या आवाजावर विश्वास ठेवू नका, गच्चीवर जाऊन टाकीत पाणी पडतंय का ते बघा. पडत नसेल तर मोटार बंद, पंपावरचा बूच उघडा, तांब्या-तांब्याने पाणी ओता, बुडबुडे थांबले की बूच घट्ट करा आणि मग बटण. पाणी ओतत राहूनही भरत नसेल तर फूट व्हॉल्व्ह गळतोय, प्लंबरला बोलवा. खालच्या टाकीत पाणी कमी झालं की मोटार आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर मिळतो. मोटार रिवाइंड करण्याच्या बिलापुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

वरची टाकी भरली तरी घरातले नळ लगेच नीट येत नाहीत. खोकतात, थुंकतात, मध्येच थांबतात. लाइनमध्ये एअर धरलेली असते. आधी सगळ्यात खालचा, म्हणजे बाथरूममधला बादलीचा नळ अर्धा उघडा आणि धार एकसारखी होईपर्यंत चालू ठेवा. मग बेसिन, मग शॉवर. स्वयंपाकघराचा नळ शेवटी. गिझर सुरू करण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून अखंड धार येतेय ना, ते बघायचं. नळाच्या तोंडाची जाळी काढून झटकली तर गंजाचे कण पडतील. दाब कमी वाटणाऱ्या निम्म्या तक्रारी या जाळीतच मिटतात.

पिण्याच्या पाण्याबद्दल दोन दिवस कडक राहा. 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि पुणेकर पुन्हा पाणी उकळायला लागले. ती सवय शुक्रवार-शनिवारपुरती तरी टिकवा. खळखळून उकळी आली की आणखी मिनिटभर ठेवा, तेवढं पुरतं. गढूळ असेल तर आधी चौपदरी फडक्यातून गाळा. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, पण तेवढ्याने जंतू मेले असं समजू नका. उकळणं शक्य नसेल तर मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरिन घाणीशीच झुंजण्यात संपतो, म्हणून गाळणं आधी आणि औषध नंतर.

सोसायटीच्या टाकीत घालायचं तर ब्लीचिंग पावडर. चांगल्या ताज्या पावडरचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे दहा हजारांच्या टाकीला 25 ग्रॅम. मूठभर टाकायची नाही, वजन करायचं. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून ठेवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता आणि तासभर कुणाला नळ सोडू देऊ नका. वर्षापूर्वी फोडलेल्या पुड्यात दम उरलेला नसतो. आणि क्लोरिनचा वास आला म्हणून तक्रार करू नका, तो चांगल्या पाण्याचा वास आहे. गटाराचा वास आला तर मात्र एक तासही थांबू नका. टाकीचा कॉक बंद करा आणि पालिकेच्या पाणी विभागात फोन करा. शेजारच्या दोन इमारतींतही तोच वास येतोय का ते आधी विचारा, म्हणजे दोष तुमच्या टाकीत की रस्त्याखाली हे फोनवरच सांगता येईल.

टाकी धुवायला मला गुरुवारच बरा वाटतो, कारण ती तशीही रिकामी होत असते. वरची टाकी धुणं सोपं. खालच्या बंद टाकीत माणूस उतरवताना मात्र घाई नको. दोन्ही झाकणं आधी दोन-तीन तास उघडी ठेवा, पंपाचा मेन स्विच खाली करा, आत माणूस असताना विजेवरचा पंप टाकीत सोडू नका आणि वर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय पहिल्याला उतरू देऊ नका. अशा टाक्यांत गुदमरून आणि शॉक लागून माणसं दगावलेली आहेत.

शेवटी एक, नळांचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावरचं कुटुंब गुरुवारी दुपारी कोकणात गेलं. निघताना कुणीतरी हात धुवायला नळ फिरवला, पाणी आलं नाही, तसाच सोडला. बेसिनमध्ये फडकं पडलेलं होतं. शुक्रवारी रात्री वरची टाकी भरली आणि सकाळपर्यंत खालच्या घराचं छत ठिबकत होतं. तेव्हा गुरुवारी कुलूप लावून कुठे निघालात तर घरातला एकेक नळ हाताने फिरवून बंद करा आणि फ्लॅटचा मेन कॉकही. जुन्या फिरवायच्या नळात पाणी नसलं की तो उघडा आहे की बंद, हे नुसतं बघून कळत नाही.